पिवळी बोटं

आमच्या सोसायटीच्या गेटला पिवळा ऑइलपेंट मारायला घेतला की त्या वासाने मला चारकोपचं ते मैदान आठवतं. खाडीकडून येणारा खारट वारा, झाडांमधून रोवलेले लोखंडी खांब, प्रत्येकावर साखळ्या आणि त्यांच्याखाली टोपली. लांबून चकती फेकून त्या टोपलीत पाडायची, असा तो डिस्क गोल्फ. पंच नसतोच, टोपलीजवळ जो उभा असेल त्याचा शब्द शेवटचा. पहिल्याच फेकीत टोपली तिथे अजून कुणालाच साधली नव्हती, आणि मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, दोघांनाही तेच वेड. त्या दुपारी शेवटच्या टोपलीचा गंजलेला तळ मी एकट्याने रंगवला होता. संध्याकाळी तो झाडांपलीकडे त्या टोपलीशी उभा राहिला आणि मी माझी चकती फेकली. साखळ्या खळ्ळकन वाजल्या. "गेली?" मी ओरडलो. "नाय रे, साखळीला लागून बाहेर पडली!" धावत पोहोचलो तर चकती गवतात. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "सोड ना यार, पुढच्या वेळी." घरी आई म्हणाली, "शर्टाला मागे रंग कसला रे?" काढून पाहिला तर खांद्यामागे चार पिवळी बोटं. ओल्या टोपलीत हात घातल्याशिवाय तो रंग त्याला लागणारच नव्हता. आजही भेटला की तो तसाच हात पुढे करतो, आणि रंग अजून ओलाच असल्यासारखा मी बाजूला सरकतो.