दारापासून शटरपर्यंत बेचाळीस पावले

सातारा स्टँडवरून सकाळी सव्वासातची सांगली गाडी पकडली, तेव्हा माझ्या हातात एक किलो कंदी पेढे होते आणि मनात शंका होती. शौकत माझा मित्र. कराडच्या आयटीआयमध्ये आम्ही दोघे फिटरचे शिकलो, दोन वर्षे एका खोलीत राहिलो. पुढे मी साताऱ्यात कारखान्यात लागलो आणि त्याने सांगलीजवळच्या आपल्या गावी फवारणी पंप दुरुस्तीचे वर्कशॉप काढले. चौदा वर्षांत भेट नाही, पण दर दिवाळीला मी एसटीने पेढे पाठवायचो. एकही दिवाळी चुकली नाही, याचा मला अभिमान होता. यंदा मात्र दिवाळीपासून चार वेळा फोन केला आणि चारही वेळा त्याच्या बायकोने, शमाभाभीने उचलला. "झोपल्यात," एवढेच उत्तर. भर दुपारी झोपणारा माणूस तो नव्हे.

कराड सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला. पेठ नाक्याच्या अलीकडे टायर पंक्चर झाला आणि पस्तीस मिनिटे गेली. रस्त्याकडेला माझ्याशेजारी एक म्हातारबा उभे होते.

"कुणाकडं निघालासा?"

"मित्राकडे."

"लगीन हाय?"

"नाही."

"मग मयत?"

"नाही हो. नुसता भेटायला."

"सव्वाशे किलोमीटर नुसतं भेटायला!" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "लय येळ हाय बाबा तुमच्याकडं."

सांगलीला उतरून वडाप (सीटा भरल्यावर सुटणारी जीप) धरली. ऊस मागे पडला, द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या हिरव्या जाळ्या टाकलेल्या शेड सुरू झाल्या. पावणेबाराला शौकतच्या दारात पोचलो. समोर त्याचे वर्कशॉप होते आणि त्याचे शटर बंद होते.

शौकत खाटेवर बसला होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. कोपऱ्यात नवा कृत्रिम पाय प्लास्टिकच्या पिशवीसकट उभा होता.

"ये सुऱ्या. पेढं आनलंस? तुझ्या पेढ्यानंच गेला बघ ह्यो पाय."

मला हसता येईना. भाभी म्हणाल्या, "भाऊजी, त्येंनी अलीकडं खाल्लंच न्हाईत. साखरेच्या आजाराला सा वर्सं झाली. सगळं पेढं गल्लीत वाटायचे."

"मला का नाही सांगितलेस?"

"तू इचारलंस कवा? फोनवर तुझं एकच, पार्सल मिळालं का? मी म्हनायचो, मिळालं. झालं, फोन बंद."

मी पेढ्यांचा पुडा पुन्हा पिशवीत ठेवला.

भाभींनी बाकीचे सांगितले. जुलैत पाय काढला. नवा पाय येऊन तीन महिने झाले, पण दुसऱ्याच दिवशी अंगणात पडल्यापासून शौकतने त्याला हात लावला नाही. आता चालला नाही तर मांडीचे बळ जाईल आणि मग हा पाय असून उपयोग नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. भाभींनी अख्खा मसूर, भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा भरडा) वाढला. मी ताट बाजूला सारले.

"तू उठल्याशिवाय मी जेवणार नाही."

"उपाशी मर की मग."

मी भिंतीला टेकून बसलो. वीस मिनिटांनी उठलो, समोरच्या शटरपर्यंत चालून आलो आणि पुन्हा तिथेच बसलो.

"शमा, आन गं तो पाय! हे येडं हितं मेलं तर पोलीस मला धरतील."

पाय बांधायला आम्हा दोघा फिटरांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मी आधीच मोजून आलो होतो, दारापासून शटरपर्यंत माझी बेचाळीस पावले. एकोणिसाव्या पावलाला तो घामाने भिजला आणि माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखू लागला. परत आणले, जेवलो. अडीचला पुन्हा उठवले. शिव्या देत देत तो तिसाव्या पावलापर्यंत गेला आणि मांडी थरथरू लागली. मी तिथेच गल्लीत खुर्ची आणून टाकली. तेवढ्यात एक बागायतदार पंप घेऊन चालला होता. शौकतला बाहेर बघून तो थबकला.

"शौकतभाई! आवं, ह्यो नोझल बघतासा जरा?"

शौकतने नोझल हातात घेतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "ठिव हितं. उद्या ये." त्या आवाजात मला कराडची खोली ऐकू आली.

साडेपाचच्या गाडीने परतलो. खिडकीतून बागा मागे जात होत्या आणि मी स्वतःला खडसावत होतो. वस्तू नेमाने पाठवली की माणूसही सांभाळला जातो, असे मी चौदा वर्षे धरून चाललो. त्या काळात तो आजारी पडला, पाय गमावला आणि मला पत्ता नव्हता. मित्राच्या समोर जाऊन बसावे लागते. तो "बरा आहे" म्हणाला तरी आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. त्याला राग आला तरी उठायचे नसते.

दर दुसऱ्या रविवारी जायचे ठरवले आहे. घरी सांगून टाकले, आता यात बदल नाही. शटरपर्यंत बारा पावले उरली आहेत. ती झाल्यावरही मी जाणारच; फक्त तेव्हा मला न्यायला सांगलीच्या स्टँडवर शौकतने स्वतः यायचे, असे त्याला बजावून आलो आहे.