ताजा पाला बाजारचा

माझ्या आईने, सोनाबाईने, चाळीस वर्षं पनवेलकरांना पालेभाजी खायला घातली आणि स्वतः खाल्ला भात, सुकट आणि वर दाताला लावली मिसरी. हे मी कौतुकाने सांगत नाही. मला राग येतो म्हणून सांगते.

पळस्प्याच्या पुढे आमची जमीन होती. विहिरीलगतच्या तुकड्यात आई लाल माठ, मुळा, चवळी, शेपू लावायची. उजाडायच्या आत पाला उपटायचा, विहिरीवर धुवायचा, जुड्या बांधायच्या आणि टोपली डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत जायचं. तिथून टेम्पोने उरण नाक्याचा बाजार. तिच्या शेजारी मोरा बंदराकडची शकूमावशी सुकट आणि बोंबील घेऊन बसायची. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं, भांडणं, आजारपणं त्याच फुटपाथवर ऐकली.

आमच्या घरात मात्र एक कायदा होता. "ताजा पाला बाजारचा, घरात रायलेला." जुडी विकली गेली नाही, तिने मान टाकली, पानं पिवळी पडली, की मगच ती आमच्या चुलीवर चढायची. तीसुद्धा आई उकडायची, घट्ट पिळायची आणि ते पाणी मोरीत ओतायची. सातवीत असताना मी एकदा माठाची ताजी जुडी उतरंडीमागे लपवून ठेवली होती. सापडले तेव्हा आईने दोन थोबाडीत दिल्या. "गिऱ्हाइकाच्या तोंडचं खातेस?" म्हणाली. जुडी धुतली आणि परत टोपलीत ठेवली. तो गाल मला अजून आठवतो.

मग जमीन गेली. माझा थोरला भाऊ धर्मराज, त्याला मी दादा म्हणते, त्याने ती गोदामवाल्यांना दिली. कागदावर आईने सही केली. सही तिला मीच शिकवली होती, त्याचाही मला राग आहे. दादाने खारघरला बेलपाड्याजवळ अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईला तिथे नेऊन बसवलं. बसवलं म्हणजे अक्षरशः बसवलं. सोफ्यावर, टीव्हीसमोर, हातात मिसरीची डबी.

वर्षभरात तिचं ब्लड प्रेशर एकशे ऐंशीवर गेलं. मी पनवेलला डॉक्टर आभांच्या दवाखान्यात नर्स आहे, म्हणून तिला तिथेच आणलं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि शांतपणे समजावलं. "मावशी, आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याच्यामुळे वाहिन्या सैल होतात. तो कमी पडला की त्या आवळलेल्या राहतात आणि प्रेशर वाढतं. माठ, पालक, मुळ्याचा पाला, बीट, ह्यांतून शरीराला त्याचा कच्चा माल मिळतो. पाला उकडून पाणी फेकू नका, बराचसा ऐवज त्यातच जातो. रोज चाला. मिसरी सोडा, तंबाखू वाहिन्या खराब करते. पण हे सगळं गोळीच्या जोडीला. गोळी बंद नाही करायची."

आई हसली. "म्हंजे मी विकत होते तंच औषध?"

डॉक्टरही हसल्या. मला काही हसू आलं नाही. सगळ्या पनवेलच्या रक्तवाहिन्या सैल ठेवायचा हिने मक्ता घेतला होता आणि हिच्या स्वतःच्या आवळत चालल्या होत्या, ह्यात हसण्यासारखं काय होतं?

चालायचं म्हटलं तर तेही जमेना. सोसायटीत फेऱ्या मारायला गोल रस्ता होता, बाकं होती, झाडं होती. पहिल्या दिवशी मी तिला खाली नेलं तर ती दोन पावलांत थांबली. "रिकाम्या हातांनी कोन चालतं? लोक काय म्हनतील, हिला काम नाय?" शेवटी दादाच्या घरातली पिशवी घेतली, त्यात दोन नारळ टाकले, तेव्हा कुठे बाई एक फेरी चालली. दुसऱ्या दिवशी मी नव्हते, मग नारळही नाहीत आणि फेरीही नाही.

अशात दादाने कसल्याशा पुडीचा डबा आणला. सोसायटीच्या हॉलमध्ये कुणी टायवाला येऊन भाषण ठोकून गेला होता. डब्यावर लालभडक हृदय आणि मोठ्या अक्षरांत नायट्रिक ऑक्साइड. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, बीट आणि पालेभाज्यांची पूड. मी उभ्या उभ्या पेटले.

"दादा, तू तिचा पाल्याचा तुकडा विकलास आणि आता पाल्याचाच भुगा डब्यातून आणलास?"

"किशे, तुला प्रत्येक गोष्टीत भांडणच दिसतं. नॅचरल आहे, साइड इफेक्ट झीरो. तो माणूस म्हणाला, हळूहळू गोळीसुद्धा सुटेल."

"गोळीला हात लावलास तर बघ!"

त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, गोळी चालू राहील. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

दीड महिन्याने वॉचमनचा फोन आला. आई लिफ्टमध्ये चक्कर येऊन खाली बसली होती. मी दवाखान्यातून प्रेशरचं मशीन उचललं आणि रिक्षाने खारघर गाठलं. दादाही कामावरून धावत आला होता. आईचं प्रेशर एकशे नव्वद. डॉक्टर आभांना फोन केला. त्यांनी हातपाय, बोलणं, छाती, सगळं विचारून घेतलं, सगळं ठीक होतं. "गोळी घेतात ना?" त्यांनी विचारलं. मी फोनवरच दादाकडे बघितलं आणि फोन ठेवल्यावर सुटले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. जमीन, सही, सोफा, टायवाला, सगळं काढलं. दादाचा चेहरा पडला. तो आत गेला आणि गोळ्यांचा डबा घेऊन आला. "मी दर महिन्याला स्वतः आणून देतो गं. संपतात. बघ, रिकामा आहे."

"बेसिनमध्ये टाकत असशील!"

"त्याला नको बोलूस," आई म्हणाली. "गोल्या मी शकूला दिल्या."

मला वाटलं, चक्करेत बोलतेय.

"तिला पन परेशर हाय. तिच्या घरात कोन हाय आनून द्यायला? तुज्या दवाखान्यात येते तवा बाजारात जाऊन देते तिला. मना धर्मानं तो भुग्याचा डबा आनलाय. दोन दोन औषधं मी एकटीनंच खायची काय?"

दादा भिंतीला टेकला. मी मात्र आता आईवर वळले. दुसऱ्याची गोळी, दुसऱ्याचं माप, शकूमावशीला काही झालं तर कोण जबाबदार, हे सगळं ओरडून झालं. मग माझ्या तोंडून निघालं, "चांगलं ते लोकांना आणि उरलेलं तुला! जन्मभर हेच केलंस. नुसतं बाजारातच नाही, तू घरातसुद्धा स्वतःला शिळ्या जुडीसारखं वागवलंस. मला चीड येते तुझी, आई!"

आईने माझ्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, गिऱ्हाईक माल बघतं तसं.

"तुजा किती हाय?"

"माझं काय?"

"परेशर. मोज."

"विषय बदलू नकोस."

दादाने आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणाचं काम केलं. मशीन उचललं आणि पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. एकशे अडुसष्ट. मी म्हटलं, चिडलेय म्हणून आलं. पाणी प्याले, पाच मिनिटं गप्प बसले, पुन्हा मोजलं. एकशे चौसष्ट. दिवसाला चाळीस माणसांचं प्रेशर मी घेते. स्वतःचं तीन वर्षांत घेतलं नव्हतं.

"जेवलीस काय आज?" आईने विचारलं.

खरं सांगायचं तर प्राचीच्या, माझ्या मुलीच्या, डब्यात उरलेली अर्धी पोळी खाल्ली होती. काल रात्रीचीही तिचीच उरलेली भाजी. मी सांगितलं.

आई उठून उभी राहिली. तिला एवढं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज फाटला तिचा. "नर्स हायस ना गं तू? शिकलेली हायस ना? पोरीचं उष्टं खाऊन जगतेस? हे तुला कोनी शिकवलं?"

मी तिच्याकडे बघत राहिले. तीही बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. ती खाली बसली.

दादा गोळ्या आणायला गेला. त्या दिवशी आईने माझ्यासमोर गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता डॉक्टर आभांच्या बाकड्यावर पेशंट म्हणून आम्ही तिघी बसलो होतो, आई, शकूमावशी आणि मी.