तिनं माझं नाव घेतलं ती संध्याकाळ

हे मी कुणाला बोललो नाही. मुलाला नाही, भावाला नाही, देवापुढं हात जोडतो तेव्हा तिथंही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत नाही. मी सातवी शिकलो, पुढं सगळं आयुष्य भोसरीत लेथ मशीनवर गेलं, तेव्हा लिहिणं जमेल तसं.

माझी बायको जाऊन आता वर्ष उलटलं. अजून माणसं भेटायला येतात आणि जो तो तेच म्हणतो — काय जोडा होता, नामदेवराव, तुम्ही तिला कधी अंतर दिलं नाहीत. डोकं फिरतं माझं. वाटतं म्हणावं, तो कप खाली ठेव आणि ऐक जरा. पण मी मान हलवतो आणि बिस्किटाची बशी पुढं करतो. किती हलवायची मान माणसानं?

गोष्ट जपानची. समुद्र आत आला तो मोठा भूकंप झाला, त्या सालची. माझा मुलगा संतोष तिकडं कंप्युटरच्या कामाला होता. टोकियोच्या अंगाला ग्योतोकु म्हणून गाव आहे, तिथं नवव्या मजल्यावर राहायचा. सून गरोदर होती. भावकीतल्या सगळ्यांनी सांगितलं, जाऊ नका, तिकडची जमीन अजून थांबलेली नाही. हिला विजेच्या कडकडाटाची भीती, भूकंप तर लांबच. तरी ही म्हणाली, लेकरू जमीन थांबायची वाट बघणार आहे का? तिकडच्या उन्हाळ्यात आम्ही पोचलो.

धक्के चालूच होते. दिवा हलला की ही टेबलाखाली. आणि मी? मला त्या घरात करमेना. मुलगा-सून कामाचं सगळं इंग्रजीत बोलणार, कचरा कुठल्या दिवशी कुठल्या पिशवीत टाकायचा याची मला रोज शिकवणी. कारखान्यात पोरं माझ्या हाताखाली तयार झाली आणि इथं मी केळ्याची साल चुकीच्या पिशवीत टाकणारा म्हातारा. चिडायचो आणि संध्याकाळी बाहेर पडायचो.

असाच एकदा स्टेशनमागच्या बोळात शिरलो. तिथं लाल कागदी कंदील टांगलेली एक जागा होती. दारूचीच, पण आपल्याकडच्या बारसारखी अंधारी नव्हे. आमच्या स्वयंपाकघराएवढी असेल. एक लाकडी फळी, पुढं सात स्टुलं, मागं म्हातारी मालकीण मासे भाजतेय. सगळे तिला मामा म्हणायचे. बाईमाणसाला मामा! पहिल्या दिवशी मी एकटाच हसलो, मग मी हसतोय म्हणून ते सगळे हसले.

तिथला रिवाज असा की आपला ग्लास आपण भरायचा नाही. शेजारचा आपला भरतो, आपण त्याचा. भाषा लागतच नाही. एक टॅक्सीवाला रोज यायचा, लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई यायची. मी हातानं लेथ फिरवून दाखवला तर टॅक्सीवाल्यानं बरोबर ओळखला. त्यांच्या जिभेला जमेल तसा मी नामुदेबु-सान झालो; सान म्हणजे आपलं राव. मी आलो की सरकून जागा करायचे. घरात मी अडाणी बाप होतो. तिथं माणूस होतो.

एकदा संतोषनं हिला तो बोळ दाखवला, बाबांचा अड्डा म्हणून. मग ही मागंच लागली — एकटीला भीती वाटते, मलाही न्या की, कोपऱ्यात बसेन, नुसतं पाणी पिईन. मी म्हणालो, बायकांना आत घेत नाहीत.

खोटं. मालकीणच बाई. इस्त्रीवाली तर माझ्या डाव्या अंगाला बसायची.

मग का म्हणालो तसं? इथं लिहायचा थांबलो होतो, कागद तसाच पडून राहिला. आता लिहूनच टाकतो. मला तिची लाज वाटायची. पातळाखाली मोजे, तेलानं चपचपीत केस, आणि दोन वावरं ओलांडून जाईल असा आवाज. लिफ्टमध्ये बोलली की आजूबाजूची जपानी माणसं खाली बघायची. वाटायचं, ही मामाकडं आली की त्यांना कळेल मी कोण आहे ते. आणि मी होतो तरी कोण? जन्मभर तिच्या हातचं खाणारा, तिनं धुतलेले कपडे घालणारा.

नात झाली. सून हॉस्पिटलात, संतोष ऑफिसात. त्या संध्याकाळी हिला घरी एकटी ठेवून मी बोळात गेलो, नातीचं सांगायला. भूकंपानंतर तिकडं विजेची टंचाई होती, म्हणून मामानं एसी बंद ठेवलेला आणि दार सताड उघडं. दाराला नुसता आखूड निळा पडदा. आत बसलेल्याला बाहेरच्याचे पाय दिसायचे, बाहेरच्याला आतल्यांचे.

आणि धक्का बसला. चांगला मोठा. मामानं बाटल्यांची फळी दोन्ही हातांनी दाबून धरली, आम्ही आपापले ग्लास धरले. थांबल्यावर सगळे हसले आणि एकमेकांचे ग्लास भरायला लागले. हिची आठवण झाली नाही असं मी म्हणणार नाही. झाली. एवढा संपवतो आणि उठतो म्हटलं. संपला. टॅक्सीवाल्यानं पुन्हा भरला. आता भरलेला ग्लास टाकून कसं उठायचं — असली कारणं माणसाला किती पटकन सुचतात.

बऱ्याच वेळानं पडद्याखाली पाय दिसले. बाथरूमच्या निळ्या सपाता, बोटांत जोडवी, वर पातळाचा काठ. लिफ्ट बंद पडली असणार, म्हणजे नऊ मजले जिन्यानं उतरलेली.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही अर्धं तोंडातल्या तोंडात. पुढं जन्मभर अहो. पण त्या बोळात 'अहो'ला ओ कोण देणार? संतोषचे ऑफिसवाले नावाला सान लावतात ते तिनं ऐकलं होतं.

"नामदेव-सान?" ती बाहेरून म्हणाली. "नामदेव-सान हायत का हितं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. टॅक्सीवाला हसत हसत उठायला लागला, तिला आत घ्यायला. मी त्याचं मनगट धरलं. मान हलवली — नाही. आणि दोन्ही पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर घेतले. माझे बूट ती ओळखत होती ना.

मामा माझ्याकडं बघत राहिली. मग दाराशी गेली, वाकली, हळू काहीतरी बोलली. सपाता वळल्या.

मागं पळालो का मी? नाही. ग्लास संपवला.

घरी आलो तर ही बिल्डिंगखालच्या बागेत बाकावर बसलेली. घामानं कुंकू पसरलेलं. कुठं होतात म्हणाली. मी म्हणालो, नदीकडं गेलो होतो. ती म्हणाली, बरं झालं बाई, मोकळ्यावर होता.

लिफ्ट अजून बंदच होती. जिना चढताना मधेच कठडा धरून थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "रागावू नका. आज मी तुमचं नाव घेतलं. चारचौघांत."

रागावू नका. ती मला म्हणत होती. आणि मी काय म्हणालो असेन?

"पुन्हा असं करू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी निर्लज्जासारखा मामाकडं गेलो. तिनं दोन्ही हातांनी, वाकून, अनोळखी गिऱ्हाइकापुढं ठेवतात तसा ग्लास ठेवला. टॅक्सीवाला भिंतीकडं बघत बसला. माझा ग्लास मीच भरला. तरी आम्ही परत येईपर्यंत जात राहिलो. ज्याच्यासाठी तिला बाहेर उभं केलं तेही हातात राहिलं नाही, आणि तरी जात राहिलो. याला काय म्हणायचं? मला शब्द येत नाही.

तिनं माझे पाय वर जाताना बघितले का? त्या पडद्याखालून? कितीदा विचारायचं म्हटलं आणि भाजीला मीठ कमी आहे असलं काहीतरी बोललो. आता मलाच माझा संताप येतो आणि तो कुठं टाकायचा ते कळत नाही.

शेवटच्या दुखण्यात तिला पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. शुद्ध आहे का बघायला सिस्टर रोज सकाळी काहीबाही विचारायची. आजी, तुम्ही कुठं आहात? दवाखान्यात. मुलाचं नाव काय? संतोष. मग एक दिवस सिस्टर माझ्याकडं हात करून म्हणाली, यांचं नाव काय? हिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ मिटून घेतले. सिस्टरनं पुन्हा विचारलं. आजोबांना विसरल्या वाटतं, सिस्टर मला हळूच म्हणाली.

ती विसरली नव्हती. मला माहीत होतं ती का बोलत नाही ते. मी पलंगाशीच उभा होतो. घे गं नाव, एवढंच म्हणायचं होतं मला, आणि मी तेही म्हणालो नाही.