साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर

माझ्या मावशीला ऑफिसात 'छापखाना' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती खुशाल ओ द्यायची. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचं टेबल तिच्याकडे होतं. तक्रारी ईमेलने येत. साहेबांचा हुकूम असा, की प्रत्येकाला 'नोंद घेतली' एवढं उत्तर धाडायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मावशीला जन्मात जमलेलं नाही. तसं ते आमच्या घरात कुणालाच जमत नाही, पण तिची गोष्टच वेगळी.

तिने कॉम्प्युटरवर एक छोटं अ‍ॅड-ऑन बसवून घेतलं होतं. तक्रारीचा मेल आला की ते आपणहून त्याची प्रिंट काढायचं आणि पाठोपाठ जोडलेले फोटोही छापायचं. फोटो मेलपासून सुटला की तो कुणी उघडून बघत नाही, हा तिचा अनुभव. प्रिंट निघायची ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये. कागद वाया जातो म्हणून ऑफिसातला एकुलता एक प्रिंटर त्यांनी स्वतःच आत नेऊन ठेवला होता. आता भोगा.

एकदा एका मुलीचा मेल आला. त्यांच्या इमारतीत लिफ्ट वर असली तरी खालचं दार उघडत होतं आणि आत नुसता अंधार. 'माझ्या वडिलांना दिसत नाही,' तिने लिहिलं होतं. 'दार उघडल्याचा आवाज आला की ते पाऊल पुढे टाकतात. मी कामावर असते. घरात बसा म्हटलं तर ऐकत नाहीत.' सोबत उघड्या दाराचे फोटो होते.

मावशी तडक केबिनमध्ये गेली.

"साहेब, तिथे आजच माणूस पाठवा."

"बाई, त्यांचा करार संपत आलाय. नवा झाला की बघू. उत्तर पाठवलंत ना?"

"पाठवलं. उत्तराने दार बंद होत नाही."

"आणि ते तुमचं अ‍ॅड-ऑन काढून टाका. डोक्याला ताप झालाय नुसता."

"काढणार नाही. आधी माणूस पाठवा."

घरी हे कळलं तेव्हा आमचं धाबं दणाणलं. नोकरी जाणार, दुसरं काय? काका म्हणाले, "एवढा हट्ट कशाला? जरा माघार घे की."

"तो माणूस आवाज ऐकून पुढे जातो," मावशी म्हणाली, "आणि मी सगळं बघून मागे येऊ?"

साहेबांनी मग प्रिंटरच बंद करून टाकला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. प्रिंटर बंद केला म्हणून आलेलं काम रद्द होत नाही, ते रांगेत ताटकळत बसतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मावशीला ते ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती मुलगी रोज मेल पाठवत होती, फोटोंसकट.

मग एके दिवशी कंपनीच्या मालकीणबाई नव्या कामाचे कागद बघायला आल्या. साहेबांनी ऐटीत प्रिंटर चालू केला. पहिल्यांदा बाहेर आली मुलीची विनवणी. मग ते उघडं दार. मग पुन्हा विनवणी, पुन्हा दार. साहेबांचे कागद सगळ्यांच्या मागे.

"बाई, हे थांबवा आधी."

मावशी दारातच उभी होती. "थोडीच पानं राहिलीत, साहेब. येऊ द्या."

मालकीणबाईंनी एक पान उचलून वाचलं, फोटो पाहिला आणि स्वतः मेकॅनिकला फोन लावला. त्याच दिवशी दार दुरुस्त झालं.

साहेबांची पार शोभा झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फर्मान काढलं, अ‍ॅड-ऑन का काढलं नाही त्याचा लेखी खुलासा द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. मावशीने खुलासा लिहिला आणि तक्रारींच्याच पत्त्यावर मेल केला. तो अर्थातच केबिनमध्ये छापून निघाला.

'काढलेलं नाही. काढणारही नाही. कारण सोबत जोडलं आहे.'

पाठोपाठ फोटो निघाला. त्या मुलीने मावशीच्या फोनवर पाठवलेला. दार उघडं, लिफ्ट जागेवर, आणि तिचे वडील आत उभे राहून हाताने बटण चाचपताना.