तीन नंबरचा कोअर

खुनाचे कित्येक तपास विसरलो, पण कुपवाडच्या प्रयोगशाळेचं ते प्रकरण काही विसरता आलं नाही.

ठाण्यात एक निनावी पत्र आलं. पाटणकडच्या एका पुलावर काँक्रीटचा नवा थर टाकला होता. पाणी मुरून आतल्या सळया गंजू नयेत म्हणून. त्यातून कापून काढलेले गोल नमुने, म्हणजे कोअर, कुपवाडला तपासले होते. पत्रात लिहिलं होतं: 'तिथल्या मुलीने खोटा अहवाल दिला. तीन नंबरचा कोअर पुन्हा तपासा.'

पंचांसमक्ष कपाट उघडलं, कोअर जप्त केला, दुसरीकडे तपासायला दिला. त्यात पाणी भराभर शिरलं. मुलीच्या अहवालाच्या अगदी उलट.

मुलगी आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली, घरात पहिलीच शिकलेली. मी दरडावलं. ती रडली नाही. कोअरचा उरलेला तुकडा हातात फिरवून म्हणाली, "आवं साहेब, ह्यो आमचा न्हाई. आमच्यात वर नवा थर, खाली जुनं काँक्रीट. ह्यात जोड कुटं हाय?"

खरंच जोड नव्हता. आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं.

कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच. एक तिच्याकडे, दुसरी मुख्य तंत्रज्ञाकडे. पन्नाशीचा, सभ्य माणूस. त्याला समोर बसवलं, पत्र टेबलावर ठेवलं आणि गप्प राहिलो. प्रश्नांपेक्षा गप्प बसणं माणसाला जड जातं.

"मीच शिकवलं तिला," तो अखेर म्हणाला. "आता इंजिनिअर येत्यात ते तिलाच इचारत्यात. मला म्हणत्यात, काका, जरा तिला बोलवा."

"मग पूल कच्चा आहे का?"

"न्हाई साहेब. पूल चांगला हाय. तिची टेस्ट कवाच चुकत न्हाई."

"हे तिला कधी सांगितलंत?"

त्याने खिशातून घराची किल्ली काढून पत्रावर ठेवली. खरा कोअर त्याच्या घरी पलंगाखाली सापडला. मुलगी कामावर परत गेली.

त्याचा जबाब लिहून घेताना माझं पेन अडखळलं. माझ्या हाताखालचा एक फौजदार खात्याची परीक्षा देऊन माझ्या पुढे गेला होता, साताऱ्याला साहेब झाला होता. त्याच्या तपासात मी चुका शोधायचो. एकही सापडत नव्हती, त्याचाच राग यायचा. दुसऱ्याची खरी लायकी हेवा करणाऱ्यालाच सगळ्यात नीट ठाऊक असते, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला फोन लावला. म्हणालो, "तुमचं काम उत्तम आहे. हे आधीच सांगायला हवं होतं."

तो म्हणाला, "सर, बढतीचा आदेश आला, तेव्हा पहिला फोन तुमचाच येईल असं वाटलं होतं."