आईच्या नावाचा गंज

आई गेली आणि तेरवीच्या गर्दीत आमच्या घरातला दूध तापवायचा पितळी गंज नाहीसा झाला. पुढे मोताळ्याच्या आठवडी बाजारात माझ्या भावाला आमच्या शेजारच्या मळेवाल्यांची दहावीतली पोरगी दिसली. हातात तसाच गंज, वर आईचं नाव कोरलेलं. पोचा काढायला आणलाय म्हणाली. पण आमच्या भाऊरायाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यानं तिला तिथूनच पोलिसांकडे नेलं. गंज जमा झाला आणि प्रकरण बुलढाण्याला बाल न्याय मंडळापुढे गेलं.

भांडं ओळखायला मला बोलावलं. मी काही चोरी सिद्ध करायला गेले नव्हते. मला तो गंज हवा होता. आईची लुगडी वाटली गेली, तिची खाटही कुणी नेली. आईचं म्हणून हातात धरावं असं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

कोर्ट म्हणजे कठडा असेल असं वाटलं होतं. तिथं साधी खोली, टेबलाभोवती खुर्च्या. पोरगी ओढणीचं टोक चावत बसली होती, मागे तिची आई. न्यायाधीश बाईंनी भावाला विचारलं, "हे भांडं तुमच्याच घरातलं कशावरून?"

"आईचं नाव हाय ना त्याच्यावर, मॅडम. अजून काय पुरावा पायजे?"

पोरीची आई उठून उभी राहिली. "काकूनंच देल्ला तो माह्या लग्नात. पयल्यापासून सांगून राह्यली मी, कोणी आयकतच नाही."

"आता आई येते काय सांगायले?" भाऊ फणकारला.

गंज माझ्या हातात दिला. ठिपक्याठिपक्यांच्या त्या अक्षरांवरून मी बोट फिरवलं. "हो, आमचाच," हे शब्द अगदी ओठांवर होते. माझ्या एका होकारावर त्या पोरीला चोर ठरवणार होते.

आणि दिवाळीची भांडीघाशी आठवली. मी लहान, भांडी पुसता पुसता नावं वाचत होते. माहेराहून आलेल्यांवर आजोबांचं नाव, घरच्यांवर बाबांचं. मी विचारलं होतं, "आई, तुह्यं नाव कुठं हाय वं?" ती हसली होती. "माह्यं नाव लोकाइच्या घरी हाय. आहेरात देते, त्याच भांड्यावर घालते."

स्वयंपाकघरात फक्त जेवायला येणाऱ्या माझ्या भावाला हे कुठून ठाऊक असणार!

"हा आमचा नाही," मी म्हणाले. "आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं. आमच्या हरवलेल्या गंजावर वडिलांचं नाव होतं. आईच्या नावाचं आमच्या घरात एकही भांडं नव्हतं."

न्यायाधीश बाईंनी पोरीला जवळ बोलावून सांगितलं, "बाळ, तू काही चोरलेलं नाहीस." गंज तिला परत द्यायला सांगितला.

तो मीच तिच्या हातात दिला. दिला म्हणजे काय, काठावरची बोटं सुटेनात. पोरगी बिचारी ओढतही नव्हती. शेवटी तिची आई हळूच म्हणाली, "ताई, चहाले येत जा. याच्यातच दूध तापवतो आमी."

मी मान हलवली आणि हात सोडला. आईचं नाव वाचायला आता मला लोकांच्या घरी जावं लागणार होतं.