मेलेलं काय काय हाये घरात?

शकूकाकू कुणाकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला गेल्या, की सतरंजीवर टेकण्याआधीच विचारायच्या, "मेलेलं काय काय हाये घरात?" नवी सून असली तर घाबरून सासूला हाक मारायची. जुन्या बायका मात्र निमूट सांगायच्या : दोन मोबाइल, एक मिक्सर, माळ्यावर टीव्ही. "मंग काय त्याचं वर्षश्राद्ध घालता?" असं म्हणून काकू प्रसादाला हात पुढे करायच्या.

देऊळगाव राजात बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टीव्ही-मिक्सरचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्यांनीच ते चालवलं. जीभ अशी, की मिक्सर दुरुस्त करायला आलेला माणूस नवा मिक्सर घेऊन घरी जायचा. माहेर देऊळघाटचं, म्हणून बोली अस्सल वऱ्हाडी. राहायच्या आमच्याच कॉलनीत. बाकी सगळे मास्तर, कारकून, निवृत्त अधिकारी. ते काकूंच्या बोलीला मागून हसायचे. समोर हसायची कुणाची छाती नव्हती.

दिवाळीची साफसफाई झाली की ही सुशिक्षित मंडळी बिघडलेल्या वस्तू मागच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकत. मग भंगारवाला तांब्यासाठी वायरी जाळायचा आणि काळा धूर घराघरांत शिरायचा. एकदा सभेत ठरलं, त्याला पोलिसांत द्यायचं. काकू उठून म्हणाल्या, "त्याचं पोट हाये, म्हून तो जाळते. तुमचं काय अडलं होतं फेकाले?"

कॉलनीच्या अध्यक्षांना हे लागलं. हे निवृत्त अभियंते. आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांनी ई-कचरा संकलन दिन काढला. बॅनर लागला, पाहुणे आले, साहेबांनी स्वतःच्या जुन्या टीव्हीला हार घातला, फोटो निघाले, टेम्पोला हिरवा झेंडा दाखवला गेला. टेम्पो वळणाआड गेला आणि सगळ्यांना पुण्य लागलं.

आठवडाही झाला नसेल, काकूंना कुणीतरी सांगितलं, की तो सगळा माल गावाबाहेर नाल्याकाठी ओतलाय. त्या रिक्षा करून गेल्या. फुटलेल्या पिक्चर ट्यूबच्या काचा, जळक्या वायरी, आणि साहेबांचा टीव्ही, गळ्यात सुकलेल्या हारासकट. काकूंनी त्याच टेम्पोवाल्याला गाठलं, उरलेला माल भरायला लावला आणि ज्याचा त्याच्या दारात उतरवला. स्वतःच विकलेल्या वस्तू त्यांना ओळखू येणारच. आमचा मिक्सरही आला.

साहेबांकडे तेव्हा पाहुणे बसले होते.

"काकू, आम्ही रीतसर एजन्सीला दिलं होतं. पुढे त्यांनी काय केलं, ते आम्हाला—"

"एजन्सीजोळ सरकारी नोंदणी हाये का, पाह्यलं?"

"एवढं कोण विचारतं?"

"पोरगी देताना सात पिढ्या इचारता ना? मंग?"

पाहुण्यांपैकी एक जण हसला. साहेब त्यानंतर बरेच दिवस काकूंशी बोलले नाहीत. काकूंना ती सोयच वाटली.

ज्या कंपन्यांचा माल विकला, त्यांना त्यांनी फोन लावून लावून भंडावलं, तेव्हा कुठे छत्रपती संभाजीनगरकडचा, असा माल सुटा करून त्यावर प्रक्रिया करणारा, नोंदणी असलेला एक कारखाना सापडला. गाडीभर माल साठला तर न्यायला येऊ, असं तिथले लोक म्हणाले. काकूंनी दुकानाचा एक कोपरा रिकामा केला. घरोघरचा माल आणायला त्याच भंगारवाल्याला लावलं. वायर कापायची नाही, ट्यूब फोडायची नाही. फुगलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यात वेगळी. मोबाइल देण्याआधी आतले फोटो पुसायचे. "नाईतं तुमचे थोबाडं पाहाले कोन बसलं?" कुणी कंटाळा केला तर म्हणायच्या, "जाळलं का त्यातलं शिसं कुठी जाते? तुमच्याच बोअरमधी. प्या मंग."

एकदा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "काकू, या वयात हा व्याप कशाला?" कोपऱ्यातला एक मिक्सर सरळ करत त्या म्हणाल्या, "अर्ध्या गावाले म्याच ईकलं रे. ईकताना कधी मनात आलं नाई, का ह्ये मेल्यावर कुठी जाते." एवढंच बोलल्या आणि तेवढ्यात आलेल्या गिऱ्हाइकावर खेकसल्या.

मागच्या वर्षी काकू गेल्या. शोकसभेत साहेबांनी त्यांना 'पर्यावरणप्रेमी भगिनी' म्हटलं. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भंगारवाल्यानं दोनदा येऊन विचारलं, माल ठेवायचा कुठे? ज्यानं त्यानं दुसऱ्याचं दार दाखवलं.

या दिवाळीत मागच्या जागेतून पुन्हा धूर आला. सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. कॉलनीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, 'कृपया कोणीतरी लक्ष द्यावे.' त्याखाली साहेबांनी जोडलेले हात टाकले. मी दोन बादल्या पाणी नेऊन ओतलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याला फोन केला. ते म्हणाले, आधी माल गोळा करा.

माझी गाडी ठेवायची जागा रिकामी केली आणि घरोघर फिरू लागलो. काकूंना लोक भीतीनं दार उघडायचे. मला बघून ते लावून घेतात. काल साहेबांची बेल वाजवली. आतूनच आवाज आला, "नंतर या."

दार उघडेपर्यंत हलायचं नाही, असं ठरवून मी पायरीवर बसलो.